आधी मोडून दाखवा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्या सिंधुदुर्गात बंदुका घराबाहेर पडतात. एरवी त्या माळ्यावर असतात, कपाटाच्या मागे असतात, देवघराच्या खोलीत कोपऱ्यात उभ्या असतात. पोलीस ठाण्याची नोटीस आली आणि छाननी समितीने सूट दिली नसेल, तर हत्यार जमा करावं लागतं. मग गोणपाटात, जुन्या धोतरात, चादरीत गुंडाळून बंदुका ठाण्याच्या आवारात येतात. बारा बोअरच्या दुनळ्या, एकनळ्या, आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या तर कितीतरी. मी पोलीस खात्यात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो, आता निवृत्तीनंतर एका परवानाधारक दुकानात दुरुस्तीला बसतो. लोकांना वाटतं, बंदुकीचे अपघात रानात, अंधारात, डुकराच्या मागावर असताना होतात. तिथेही होतात. पण मला धडकी भरते ती ठाण्याच्या आवारातल्या त्या सकाळींची. कारण तिथे बंदूक हातात असलेल्या प्रत्येकाला खात्री असते की ती रिकामी आहे.

अशाच एका सकाळी एक तरुण मुलगा दुनळी घेऊन आला. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून हा आलेला. बंदूक काखेत आडवी, नळीचं तोंड रांगेतल्या बायामाणसांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. म्हटलं, “मोडून दाखव,” म्हणजे नळ्या खाली पाडून उघडून दाखव. तो हसून म्हणाला, “रिकामीच आसा ओ काका. बाबांनी धा वर्सां हात लावूक नाय.” दहा वर्षं हात लावला नाही, हीच तर काळजीची गोष्ट. मी बंदूक घेतली, तोंड वाळूच्या पिंपात घातलं, बाकीच्यांना मागे व्हायला सांगितलं आणि वरची किल्ली दाबली. किल्ली फिरली, पण नळ्या अर्ध्यावरच अडल्या. आत काहीतरी होतं. बॅटरी लावून फटीतून पाहिलं, तर डाव्या नळीत पितळेची कड दिसली, हिरवा गंज चढलेली. जुनं, कागदी नळकांड्याचं काडतूस. कोकणातले इतके पावसाळे खाऊन ते फुगून नळीत चिकटून बसलं होतं. ते कसं काढलं हे इथे लिहीत नाही. वाचून कुणीतरी घरी तसं करायला जाईल. किल्ली दाबूनही बंदूक उघडत नसेल, तर ती भरलेली आहे असंच समजायचं. ठोकायची नाही, गुडघ्यावर आपटायची नाही. तोंड निर्धोक जागी वळवून ठेवायची आणि जाणत्याला बोलवायचं.

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला वडिलांनी सांगितलं होतं, आणि वडिलांच्या मनाने ती रिकामी होती. असा हा तोंडी हवाला घरातल्या घरात फिरत राहतो. काका पुतण्याला सांगतात, पुतण्या पोलिसाला सांगतो, आणि नळीत डोकावून कुणीच बघत नाही. खरं सांगायचं तर आपल्याकडे अपघाताचं मोठं कारण अज्ञान नसून भीड आहे. वडीलधाऱ्याने बंदूक हातात दिली आणि “रिकामी आहे रे” म्हटलं, तर त्याच्यासमोर ती उघडून बघायची म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवायचा. सासऱ्याने जावयाला दिली, तर जावई ती मोडून बघेल? तो नळीवरची नक्षी बघून “वा” म्हणेल आणि खांद्याला लावून घरातल्या घड्याळावर नेम धरेल. घड्याळाच्या भिंतीमागे स्वयंपाकघर असतं.

म्हणून माझा पहिला आग्रह रीतीचा आहे, तंत्राचा नंतर. बंदूक देणाऱ्याने ती उघडूनच द्यावी आणि घेणाऱ्याने ती उघडलेली असली तरी स्वतः पाहावी. दोघांनी पाहिलं तरच ती रिकामी. पोलिसांच्या आणि लष्कराच्या कोतीत, म्हणजे शस्त्रागारात, हेच चालतं. कोतीतून हत्यार देणारा हवालदार आणि घेणारा शिपाई दोघेही तपासतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. घरी वाटतो. तो वाटू नये म्हणून मी लोकांना एक युक्ती सांगतो: दोष स्वतःकडे घ्या. “काका, मला सवय आहे हो, बघितल्याशिवाय हातात धरवत नाही.” काका रागावत नाहीत. उलट पुढच्या वेळी स्वतःहून मोडून देतात.

बघायचं म्हणजे डोळ्याने, आणि उजेड कमी असेल तर बोटानेसुद्धा. दुनळी मोडली की दोन्ही नळ्यांच्या मागच्या, काडतूस भरायच्या टोकाशी करंगळी घालून पाहायची. रात्री मांगरात कंदिलाच्या उजेडात काळं नळकांडं आणि काळा पोकळपणा सारखेच दिसतात. ठासणीच्या बंदुकीत हे जमत नाही, ती मागून उघडत नाही. तिथे जुन्या माणसांची रीत उत्तम आहे. बंदूक रिकामी असताना गज नळीत पूर्ण घालायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवायची. पुढे कधीही गज घातला आणि खूण तोंडाच्या बाहेर राहिली, तर आत दारू आहे. किती बाहेर राहिली यावरून बार केवढा हेही कळतं. ज्या घरात गजावर खूण नाही, त्या घरातल्या ठासणीला हात लावताना मी आजही बिचकतो.

आता नळीचं तोंड आणि बोट. अमेरिकेतले नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांनी चार नियम मांडले, ते आता जगभर शिकवले जातात: प्रत्येक बंदूक भरलेली समजा, जे उडवायचं नाही त्यावर तोंड फिरू देऊ नका, नेम लागेपर्यंत बोट चापावर नेऊ नका, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे ओळखा. यातली खुबी अशी की एक नियम मोडला तरी सहसा कुणी मरत नाही. तोंड जमिनीकडे असेल तर चुकून सुटलेला बार जमिनीत जातो. बोट बाहेर असेल तर तोंड वाकडं असूनही बार निघत नाही. दोन मोडले की मग पोलीस पंचनाम्याला येतात.

बोटाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे शहाणी माणसंही फसतात. बोट चापाच्या कडीच्या बाहेर, नळीच्या दिशेने सरळ ठेवायचं. “मी चाप ओढणारच नाही, मग बोट आत असलं तर काय?” हा प्रश्न मला वारंवार विचारतात. उत्तर असं की ओढणारे तुम्ही नसता, तुमचं शरीर असतं. पाय घसरला, कुत्रा भुंकला, कुणी मागून हाक मारली की हात आपोआप आवळतो. एका हाताने फांदी घट्ट धरली तर दुसऱ्या हाताची मूठही नकळत आवळली जाते. त्या मुठीत बंदूक असली आणि बोट आत असलं, तर पुढचं सांगायला नको. आणि बंदूक हातातून निसटली तर झेलायला जाऊ नका. पडू द्या. झेलताना बोटं नेमकी चापावर पडतात. दस्ता फुटला तर नवा बसवता येतो.

माझ्या मामाचा हात अशाच धांदलीत अधू झाला, फक्त तिथे बोटाचा संबंध नव्हता. मी तेव्हा शाळेत होतो. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरायची, आणि मामा ठासणीची बंदूक घेऊन राखणीला जायचा. बॅटरी धरायला मी. त्या रात्री दोन कुणग्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधल्या दगडी गडग्यावरून पलीकडे जायचं होतं. मामाने भरलेली बंदूक गडग्याला टेकून उभी केली, टोपी तशीच चढवलेली. मग तो वर चढला, चिऱ्यावर बसला आणि वाकून नळीला धरून बंदूक वर ओढू लागला. गडग्याला करवंदीची जाळी लागली होती. तिच्या फांदीत घोडा अडकला, ओढल्यासरशी मागे गेला, फांदी सुटली आणि घोडा टोपीवर आपटला. मला आधी उजेड दिसला, मग आवाज. बार दंडातून गेला. डॉक्टरांनी जखमेतून छर्रे काढले, त्यांच्याबरोबर जळका काथ्या काढला, सदऱ्याच्या चिंध्या काढल्या. हात वाचला, बोटं मात्र नीट मिटेनात. पाण्याचा तांब्या तो पुढे कायम डाव्या हाताने उचलायचा.

गडगा, बांध, पऱ्या, जीपची मागची बाजू, मचाणाची शिडी. माझ्या मते घराबाहेरचे निम्म्याहून जास्त अपघात अशा चढउतारांवर होतात. तिथे आधी बंदूक रिकामी करायची. दुनळी असेल तर मोडून काडतुसं खिशात. ठासणीची असेल तर टोपी काढून घोडा अलगद खाली. दोघे असाल तर एकाने रिकाम्या हाताने पलीकडे जायचं, मग दुसऱ्याने उघडी बंदूक त्याच्या हातात द्यायची. एकटे असाल तर बंदूक पलीकडे जमिनीवर आडवी ठेवायची, तोंड आपल्यापासून दूर, आणि स्वतः दोन हात बाजूने चढायचं. नळीला धरून बंदूक स्वतःकडे कधीही ओढायची नाही, मग ती जीपमधून असो वा पलंगाखालून. हे सगळं करायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात डुक्कर निघून जाईल म्हणाल, तर जाऊ द्या. तसंही वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे डुक्कर वन खात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. राखणीला नुसता आवाजही पुष्कळ होतो.

लोक म्हणतात, “बंदूक आपोआप सुटली.” बहुतेक वेळा ती सुटलेली नसते, कुणीतरी सोडलेली असते. पण आर्मोरर म्हणून मला हेही सांगितलं पाहिजे की जुनी बंदूक खरंच आपोआप सुटू शकते, आणि आपल्याकडच्या बंदुका जुन्याच असतात. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या, वडिलांच्या नावावरून मुलाच्या, अशा परवान्यावर फिरत आलेल्या. घोडा ज्या खाचेत अडकतो ती खाच झिजलेली असते. मग दस्ता जमिनीवर जरा जोरात टेकला तरी घोडा सुटतो. बाहेर घोडे असलेल्या जुन्या दुनळ्यांमध्ये काही अशा आहेत की घोडा उतरवला की तो थेट टाचणीवर टेकून राहतो आणि टाचणी काडतुसाच्या टोपीवर. अशा बंदुकीच्या घोड्यावर नुसता दगड आपटला तरी बार होतो. ठासणीच्या टोपीवर घोडा टेकवून हिंडणं म्हणजे तेच. सेफ्टीवर तर फार विसंबू नका. बऱ्याच दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. दुकानात बंदूक आली की मी रिकामी करून, घोडे चढवून, दस्त्याला रबरी हातोडीचे टोले देऊन बघतो. घोडा पडला की बंदूक परत द्यायची नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

दुसरी जुनी व्याधी नळीची. माळ्यावरून खाली उतरवलेल्या बंदुकीच्या नळीत मला काय काय सापडलं आहे! कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधलेलं असतं, अगदी टणक, वाळून दगड झालेलं. दसऱ्याला बंदूक पुजतात. हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि अक्षता टाकतात. त्यातले तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या नळीत उतरतात आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथेच राहतात. पूजा करा, जरूर करा. पण नळीचं तोंड कापडाने बांधा, आणि माळ काढल्यावर गजाला फडकं लावून नळी पुसा. नळीत अडथळा असताना बार काढला की वायू कोंडतो आणि नळी फुगते किंवा फाटते. डावा हात तिथेच असतो. चिखलात तोंड टेकलं, पावसाचं पाणी भरलं, तरी तोच प्रकार. बार काढल्यावर नेहमीसारखा दणका न येता फुसका आवाज आला, तर दुसरं काडतूस भरायचं नाही. आधी मोडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. अर्धवट जोराचा बार काडतुसातला डट्टा नळीत मध्येच अडकवून ठेवतो.

याच जातीचा एक अपघात दोन बोअरच्या काडतुसांच्या मिसळीने होतो. बारा बोअर म्हणजे ज्या नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या एक पौंड भरतात ती; व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरचं काडतूस त्याहून बारीक. ते चुकून बारा बोअरच्या नळीत टाकलं तर आत घसरत जाऊन पुढे अडकतं, मागून दिसत नाही. शिकारी समजतो भरायचंच राहिलं, आणि त्याच्या मागे बाराचं काडतूस घालतो. म्हणून जगात बहुतेक कारखाने वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. दोन्ही बोअर ज्या घरात आहेत, त्यांनी काडतुसं एका खिशात, एका डब्यात, एका पट्ट्यात कधी ठेवू नयेत.

आता शहरातल्या मंडळींकडे वळतो. त्यांच्याकडे दुनळी नसते, कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर असतं नाहीतर पिस्तूल. 1 ऑक्टोबर 2024च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात घुसली. कोलकात्याला निघायची गडबड होती, कपाटात ठेवताना हत्यार हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. थट्टा पुष्कळ झाली. मला त्यात थट्टेसारखं काही दिसलं नाही. पहाटेची वेळ, प्रवासाची घाई, एकटा माणूस आणि भरलेलं हत्यार: नेहमीचे सगळे घटक एका जागी होते. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि गोळी यांच्यामध्ये आडवी येणारी पट्टी नसते, किंवा झिजलेली असते. असं हत्यार वापरणारे जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. सहा घरांत पाचच गोळ्या. तुमच्या हत्यारात ती पट्टी आहे की नाही हे आर्मोररला विचारून घ्या. आणि प्रवासाच्या घाईत हत्याराला हातच लावू नका. आदल्या रात्री रिकामं करून कुलपात टाका.

पिस्तुलाची फसवणूक वेगळी. मॅगझिन काढली की माणसाला वाटतं, झालं, रिकामं झालं. चेंबरमधली एक गोळी आतच असते. क्रम असा: तोंड निर्धोक दिशेला, बोट बाहेर, आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड मागे खेचून गोळी बाहेर पाडायची, स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये बघायचं. क्रम उलटा केला, आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढली, तर ओढताना एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी आत शिरते. बाहेर पडलेली गोळी बघून मन निश्चिंत होतं, आणि पुढे साफसफाईसाठी चाप दाबला की भिंतीला भोक. कमरेला हत्यार लावणाऱ्यांसाठी आणखी एक. खोचताना सदऱ्याचं टोक किंवा जाकिटाची नाडी होल्स्टरमध्ये जाऊन चापात अडकते. खोचायची कसली घाई? बघून, सावकाश, कपडा बाजूला करून खोचावं. होल्स्टरशिवाय नुसतं पँटमध्ये खोचणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते चित्रपटातून शिकलेले असतात.

साफसफाई करताना काडतुसं त्या खोलीत नकोतच. मी टेबलावर फडकं अंथरण्याआधी काडतुसांचा डबा शेजारच्या खोलीत ठेवून येतो. साफ करून झालं, तेल पुसलं, आता पुन्हा भरून ठेवू म्हणणारे भेटतात. आणि मग चहा येतो, फोन येतो, परतल्यावर आठवत नाही की भरली होती का. घरात बंदूक रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या मालकाजवळ. शस्त्र नियम 2016नुसार परवान्याच्या अर्जातच सुरक्षित साठवणुकीची हमी द्यावी लागते. ती हमी कागदापुरती ठेवू नका. “चोर आला तर कुलूप उघडत बसू का?” असं विचारणाऱ्याला मी एवढंच विचारतो की तुमच्या घरी चोर वर्षातून किती वेळा येतो आणि नातवंडं किती वेळा येतात. मुलांना वस्तू लपवलेल्या जागा आपल्याआधी ठाऊक असतात. कपाटावरच्या बॅगेत ठेवलेली बंदूक मे महिन्याच्या सुट्टीत हमखास सापडते.

आणखी एक गोष्ट, जी बंदुकीच्या गप्पांत कुणी काढत नाही. घरात कुणी फार खचलेलं असेल, कर्जाच्या, आजाराच्या किंवा दारूच्या गर्तेत असेल, तर ती बंदूक त्या घरात थांबू देऊ नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करता येते, रीतसर पावती मिळते, नंतर परतही मिळते. त्या माणसाशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. बंदूक कुठे गेली असं विचारलं तर “दुरुस्तीला दिली” म्हणून सांगा. माझ्या दुकानात अशा बंदुका येऊन राहतात. मी त्यांच्या दुरुस्तीला फार वेळ लावतो.

वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी फार शब्द खर्च करत नाही. वर गेलेली गोळी खाली येते, कुणाच्या तरी पत्र्यावर नाहीतर डोक्यात. 2019च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा शस्त्र कायद्यात वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणि अपघात झालाच तर? आधी बंदूक बाजूला, तोंड निर्धोक दिशेला. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. जखमेत हळद, चहाची पूड, शेण असलं काही भरायचं नाही. छर्रे किंवा गोळी बोटाने काढायला जायचं नाही. 108ला फोन करायचा, किंवा मिळेल त्या गाडीने न्यायचं. ठासणीच्या बाराबरोबर काथ्या, चिंध्या, माती सगळं आत जातं, म्हणून जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना काय भरलं होतं ते नीट सांगा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. दवाखान्यातून पोलिसांना वर्दी जाणार, परवान्याची चौकशी होणार, या भीतीने लोक रात्रभर घरीच बसून राहतात. मामालाही गावातल्या लोकांनी घरीच थांबायचा सल्ला दिला होता. आजीने ऐकलं नाही, बैलगाडी जुंपायला लावली.

आता उलटा प्रसंग: चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. दारू कधी कधी उशिरा पेट घेते. तोंड समोर धरून काडतुसाच्या बंदुकीला अर्धं मिनिट, ठासणीला चांगली दोन मिनिटं थांबायचं. ठासणीत लगोलग दुसरा बार भरताना शिंगातली दारू थेट नळीत ओतू नका. आत निखारा राहिला असेल तर शिंगच हातात फुटतं. मापाने, थोडी थोडी, तोंड चेहऱ्यापासून दूर ठेवून.

शेवटी जुन्या काडतुसांचं काय करायचं, हे सगळेच विचारतात. खडकीच्या कारखान्यातली जुनी बारा बोअरची काडतुसं अजून कित्येक घरांत डब्यांमधून निघतात, पितळ काळं पडलेलं, कागद फुगलेला. ती विहिरीत टाकू नका, चुलीत तर मुळीच नको, आणि “वाजतं का बघू” म्हणून नळीतही नको. फोडून दारू काढायच्या भानगडीत पडू नका. मालक वारला असेल, परवाना संपला असेल, तर बंदूक आणि काडतुसं दोन्ही वेळ न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणं शस्त्र कायद्याच्या कलम 21 नुसार वारसांवर बंधनकारक आहे. जाताना परवाना बरोबर घ्या, काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात घ्या, पावतीवर बंदुकीचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. आणि घरातून निघण्याआधी, अंगणात, तोंड जमिनीकडे करून ती एकदा उघडून बघा. उघडत नसेल तर तिथेच ठेवून आम्हाला फोन करा, आम्ही येतो.